गाय, गाळ आणि वत्सगुल्म

१

माझ्या आईच्या बोलीला 'वऱ्हाडी' असे नाव आहे, हे तिला मी एम. ए. झाल्यावर माझ्याकडून कळले. तोपर्यंत ती नुसती बोलत होती. आजच्या वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात तिचे आयुष्य गेले. वावर, धुरा, डवरा, वखर, पऱ्हाटी, इस्तो असे तिचे शब्द होते. कोथिंबिरीला ती 'सांबार' म्हणे आणि टोमॅटोला 'भेद्रं'. 'मला' नव्हे, 'मले'. 'का' नव्हे, 'काहून'. 'तो येईल' नव्हे, 'तो येईन'. 'ळ' हा वर्ण तिच्या उच्चारात नव्हताच. काळा तो 'काया', डोळा तो 'डोया', आभाळ ते 'आभाय' आणि श्रावण अमावास्येला बैलांचा सण तो 'पोया'. आम्ही भावंडेही असेच बोलत होतो आणि आम्हांला एकमेकांचे सर्व काही समजत होते.

शाळेत गेल्यावर 'ळ' भेटला. तो पाटीवर काढणे सोपे होते. तोंडातून काढणे अवघड. एका शिक्षकांनी मला वर्गासमोर उभे करून 'काळा' हा शब्द दहा वेळा म्हणायला लावल्याचे आठवते. मी तो शिकलो. पुढे अकोल्याला आणि नंतर नागपूरला शिकताना इतका पक्का शिकलो, की गावचा पत्ता सांगितल्याशिवाय माझे गाव कोणाला कळत नसे. याचा मला अभिमान वाटत असे, हे येथे नमूद केले पाहिजे. कारण या लेखात इतरांकडे बोट दाखविण्याचे प्रसंग येणार आहेत, आणि त्यांपैकी पहिला माझ्याकडेच आहे.

१९८९ साली मी एका शहरात मराठीचा अध्यापक होतो. आई काही दिवस राहायला आली होती. एका संध्याकाळी विभागातले दोन-तीन सहकारी चहाला आले. आई आमच्याकडे आली की जपून बोलू लागली होती; 'मले' ऐवजी 'मला' म्हणायची, 'डोये' ऐवजी प्रयत्नपूर्वक 'डोळे'. पाहुण्यांपैकी कोणीतरी आपुलकीने विचारले, "गावाकडे काय म्हणते शेती?" आई म्हणाली, "शेती बरी आहे. परवाच आमची गाळ व्याली."

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग कळले, आणि सगळे हसले. मीही हसलो. आई उठून आत गेली. त्यानंतर आमच्या घरी ती पाहुण्यांसमोर कधी बोलली नाही. विचारले तर 'हो', 'नाही' एवढेच म्हणायची. तिचे बोलणे कमी झाले आहे हे माझ्या ध्यानात यायलाही काही वर्षे लागली.

२

त्या वाक्यात काय घडले होते, याचा विचार मी फार उशिरा केला. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहता तो प्रसंग घडताक्षणीच माझ्या लक्षात यायला हवा होता.

वऱ्हाडीत जुन्या 'ळ' आणि 'य' या दोन ध्वनींचे एकत्रीकरण झाले आहे. प्रमाण मराठीत वेगळे राहिलेले दोन वर्ग येथे एका ध्वनीत मिसळले. असे मिश्रण झाले की परतीची वाट राहत नाही. 'काळा' चा 'काया' करणारा नियम सरळ आहे. पण 'काया' चा 'काळा' करायचा आणि 'गाय' ची 'गाय' च ठेवायची, हे सांगणारा कोणताही नियम बोलीच्या आत उपलब्ध नसतो. त्यासाठी प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. म्हणजेच शाळेत जावे लागते. आई शाळेत गेलेली नव्हती. तिने केवळ ऐकून, स्वतःच्या बुद्धीने, दोन भाषारूपांमधील ध्वनिसंबंधाचे एक सूत्र शोधून काढले होते: आपण जेथे 'य' म्हणतो तेथे शहरातील लोक 'ळ' म्हणतात. काया–काळा, डोया–डोळा, पोया–पोळा, म्हणून गाय–गाळ. ज्याला आपण तौलनिक पद्धती म्हणतो तिचे हे शुद्ध उदाहरण होते. निष्कर्ष चुकला, कारण पुरावा अपुरा होता. पद्धत चुकली नव्हती. त्या खोलीत पदव्युत्तर पदव्या घेतलेली चार माणसे बसली होती, आणि त्या संध्याकाळी भाषाविज्ञान केले ते फक्त आईने.

भाषाशास्त्रात या घटितास अतिशुद्धीकरण म्हणतात. ते सर्वत्र आढळते, आणि जेथे आढळते तेथे ते एका सामाजिक वस्तुस्थितीची खूण असते. अतिशुद्धीकरण करतो तो माणूस बेफिकीर नसतो. त्याला आपल्या बोलण्यावर कोणीतरी लक्ष ठेवून आहे याची जाणीव असते. जेथे भीती नाही तेथे अतिशुद्धीकरण नाही. 'गाळ' ही चूक आईच्या अज्ञानातून आलेली नव्हती. ती माझ्या घरातील वातावरणातून आलेली होती.

३

याच सुमारास मी जर्मन शिकत होतो. प्राकृतावर काम करणाऱ्यास पिशेलच्या १९०० सालच्या प्राकृत व्याकरणाशिवाय आणि याकोबीने १८८६ मध्ये संपादिलेल्या माहाराष्ट्री कथांशिवाय पुढे जाता येत नाही, असे मला मार्गदर्शकांनी बजावले होते. सुटीत पुण्यास राहून मी वर्गांना जात असे. आमचे शिक्षक दक्षिण जर्मनीतील श्वाबेन या प्रदेशातले होते. त्यांचे वर्गातील उच्चार इतके काटेकोर होते, की आम्ही ते ध्वनिफितीशी ताडून पाहत असू.

एक दिवस त्यांना घरून दूरध्वनी आला आणि ते आमच्यासमोरच बोलू लागले. मला एक शब्द कळेना. 'इस्ट' च्या जागी 'इश' ऐकू येत होते, प्रत्येक नामाच्या शेपटाला 'ले' लागत होता. (हा 'ले' लघुत्वदर्शक आहे, त्याचा माझ्या आईच्या 'मले' शी काही संबंध नाही. तरी तो ऐकून मी चमकलो, हे खरे.) बोलणे संपल्यावर त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि हसून म्हणाले, "ती माझी आई. तुम्हांला शिकवतो ती भाषा मी शाळेत शिकलो." त्यांच्या स्वरात संकोचाचा लवलेश नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते नाटकी होईल. परंतु जर्मन भाषेच्या इतिहासाची पुस्तके मी त्यानंतर वाचू लागलो, एवढे निश्चित.

त्या इतिहासातील काही गोष्टी आपल्या चर्चेस उपयोगी आहेत. पहिली नावाविषयी. जर्मनच्या प्रमाण रूपास 'होखडॉइच', म्हणजे 'उच्च जर्मन', म्हणतात. हा 'उच्च' शब्द मुळात गुणवाचक नाही, भूगोलवाचक आहे. दक्षिणेकडील डोंगराळ, उंच प्रदेशातील बोली त्या 'उच्च'. उत्तरेकडील समुद्राकाठच्या सखल मैदानातील बोली त्या 'नीच', म्हणजे खालच्या. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात दक्षिणेकडील बोलींत 'प', 'ट', 'क' या स्पर्शांचे घर्षकांत किंवा अर्धस्पर्शांत परिवर्तन झाले. उत्तरेकडे ते झाले नाही. म्हणून उत्तरेत 'करणे' यासाठी 'माकेन' आणि दक्षिणेत 'माखेन'. उत्तरेत 'आपेल' आणि दक्षिणेत 'आप्फेल'. प्रमाण भाषा पुढे दक्षिणेकडील आणि मध्य प्रदेशातील रूपांवर उभी राहिली, आणि मग भूगोलाचा 'उच्च' लोकांच्या मनात प्रतिष्ठेचा 'उच्च' झाला. शब्द तोच, अर्थ चढला.

दुसरी गोष्ट प्रमाण भाषेच्या उगमाची. मार्टिन लूथरने १५२२ मध्ये नव्या कराराचे आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा सॅक्सनीच्या दरबारी पत्रव्यवहारातील लेखनभाषेचा त्याने आधार घेतला होता. जर्मन प्रमाण भाषा ही प्रथम लिखित भाषा होती. दीर्घकाळ ती कोणाही एका शहराची किंवा जातीची घरची बोली नव्हती. तिचे उच्चारही उशिरा, १८९८ मध्ये, थिओडोर झीब्सने नाट्यगृहासाठी म्हणून निश्चित केले. त्यामुळे प्रोफेसर असो की पाववाला, प्रमाण भाषा बहुतेकांना शिकावीच लागत होती. आपल्याकडे चित्र निराळे आहे. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश, १८३६ चे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आणि पुढील पाठ्यपुस्तके यांतून जी प्रमाण मराठी घडली, ती एका विशिष्ट शहराच्या आणि त्या शहरातील एका विशिष्ट वर्गाच्या घरगुती बोलण्याच्या अगदी निकट होती. काहींना ती जन्मतः मिळाली, इतरांना ती कमवावी लागली. जी गोष्ट काहींना आयती मिळते आणि इतरांना कष्टाने, तिच्याविषयी लाज आणि अहंकार ही जोडी अटळ असते.

येथे जर्मनीचे नंदनवन रंगविण्याचा माझा हेतू नाही. उत्तरेकडील सखल जर्मन ही एकेकाळी हान्सा व्यापारी संघाच्या बंदरांतली व्यवहारभाषा होती. तीच पुढे शाळेतून आणि चर्चमधून हद्दपार झाली आणि खेडवळ ठरली. ऱ्हाइन नदीकाठी 'इख' चा उच्चार 'इश' करणारी माणसे शुद्ध बोलायला गेली की 'फिश' या शब्दातील निर्दोष 'श' चाही 'ख' करून बसतात, आणि लोक त्यांना हसतात. म्हणजे 'गाळ' तेथेही व्याली आहे. परंतु त्याच देशात बाडेन-व्युर्टेंबेर्ग या समृद्ध राज्याने १९९९ मध्ये आपल्या जाहिरातीत अभिमानाने सांगितले, की आम्हांला सर्व काही येते, फक्त होखडॉइच तेवढी येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर सर्व थरांतील लोक घरी-दारी बोलीच बोलतात आणि लिहिताना प्रमाण रूप वापरतात; चार्ल्स फर्ग्युसनने १९५९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात द्विस्तरीय भाषाव्यवहाराचे एक ठळक उदाहरण म्हणून त्याचा निर्देश केला आहे. बोली बोलणे हे तेथे न शिकल्याचे लक्षण ठरत नाही. फरक बोलीत नाही, बोलणाऱ्याच्या हातातील सत्तेत आहे.

४

१८७६ साली ग्योर्ग वेंकर या तरुण अभ्यासकाने ड्युसेलडॉर्फहून गावोगावच्या शिक्षकांना काही साधी वाक्ये पाठविली आणि ती तुमच्या गावच्या बोलीत लिहून द्या, अशी विनंती केली. हिवाळ्यात उडणारी वाळकी पाने, चुलीतला कोळसा, दूध, घोडा असे त्यांचे विषय होते. वाक्यांची संख्या पुढे चाळीस झाली आणि चाळीस हजारांहून अधिक गावांतून उत्तरे आली. बोलींच्या सीमा नकाशावर स्वच्छ रेषांनी दाखविता येतील ही अपेक्षा फोल ठरली. प्रत्येक शब्दाची रेषा वेगळ्या वाटेने गेली. ऱ्हाइनच्या परिसरात त्या रेषा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरल्या होत्या. १९२६ मध्ये आऊबिन, फ्रिंग्स आणि म्युलर यांनी दाखवून दिले, की या काड्या कोलोन, ट्रिअर अशा मध्ययुगीन धर्मसत्तांच्या आणि संस्थानांच्या हद्दींना अनुसरतात. राज्ये बुडाली, परंतु त्यांच्या सीमा लोकांच्या जिभेवर उरल्या. मराठीत ना. गो. कालेलकरांनी 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या ग्रंथातून भाषेकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, तिचे मोल मला ही पुस्तके वाचताना अधिक उमगले.

मग मी आपल्या जिल्ह्याचा नकाशा पुढे घेतला. जुन्या वऱ्हाडचे दोन भाग सांगत: पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सखल 'पायनघाट' आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील उंच 'बालाघाट'. वाशीम बालाघाटात येते. म्हणजे आमच्याकडेही एक उंच आणि एक सखल प्रदेश आहे; फक्त येथे प्रतिष्ठा उंचावर गेली नाही. ती कापसाच्या आणि रेल्वेच्या मागोमाग खालच्या मैदानात, अकोला-अमरावतीकडे गेली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले; पैनगंगेपलीकडचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. सुमारे शंभर वर्षे एकाच नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये, दोन न्यायालये, दोन शाळा-व्यवस्था होत्या. अलीकडे मराठी शाळा, पलीकडे उर्दूचे राज्य.

रिसोडच्या बाजारात मी पुष्कळदा नुसता ऐकत उभा राहिलो आहे. तेथे 'मले' आणि 'मला' एकाच दुकानात, कधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. दक्षिणेकडे सेनगाव-हिंगोलीच्या वाटेने जावे तसा 'ले' विरळ होत जातो. पूर्वेस कारंज्याकडे जावे तसे 'करून राहिला', 'जाऊन राहिला' हे प्रयोग दाट होतात. 'काया' ची रेषा 'मले' च्या रेषेबरोबर चालत नाही. वऱ्हाडी अशी एक बंदिस्त वस्तू कोठे नाहीच. एकमेकांना छेदणाऱ्या अनेक रेषांचा तो एक पट्टा आहे. 'ला' आणि 'ले' या दोघांचेही मूळ 'लाग्' धातूपर्यंत नेणारी उपपत्ती मान्य केली, तर एक दुसऱ्याचा अपभ्रंश ठरत नाही. ती सख्खी भावंडे ठरतात, एक शहरात शिकलेले आणि एक शेतावर राहिलेले.

येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा, मराठीविषयक खंड, जो स्टेन कोनोने सिद्ध केला, तो १९०५ चा. वऱ्हाडी हे नाव त्यात शास्त्रीय दप्तरात दाखल झाले. आणि त्याच १९०५ मध्ये 'बासिम' हा इंग्रजी अमदानीतला स्वतंत्र जिल्हा मोडण्यात येऊन वाशीम अकोल्यास जोडले गेले. ते पुन्हा जिल्हा झाले १ जुलै १९९८ ला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत वाशीम हे नेहमी कशाच्या तरी कडेला होते. सर्वेक्षणासाठी प्रत्येक बोलीत भाषांतरित करून घेतलेला उतारा बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचा होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घर सोडून दूरदेशी गेलेला मुलगा परत येतो, आणि बाप धावत त्याला सामोरा जातो. माझ्यासारखी मुले परत आली तेव्हा त्यांच्या तोंडी दुसरी भाषा होती, आणि सामोरे येणाऱ्यांनी आपली भाषा लपविली.

५

कडेला असलेल्या या गावाचा एक वेगळा इतिहासही आहे, आणि तो साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकात येथे वाकाटकांची शाखा स्थापिली. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शाखेच्या हरिषेणाच्या काळी अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली गेली. सर्वसेनाने प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनाने कथावस्तूतील औचित्यपूर्ण बदलाच्या संदर्भात त्याची दखल घेतली आहे. 'काव्यमीमांसे' त राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो विदर्भातील याच वत्सगुल्म नगरात.

१९३९ मध्ये वाशीम येथे सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षाचा हा दानलेख आहे. त्याची रचना मला फार बोलकी वाटते. आरंभीची राजाची वंशावळ संस्कृतात आहे. नंतरचा प्रत्यक्ष दानाचा, गावाचा, सवलतींचा भाग प्राकृतात आहे. कुळाची थोरवी सांगायची तर एक भाषा, आणि जमीन कोणाची, हे ठरवायचे तर दुसरी. सोळाशे वर्षांपूर्वीही या गावात भाषेचे दोन मजले होते. पण तेव्हा खालच्या मजल्यावरची भाषाही ताम्रपटावर कोरली जात होती.

या टप्प्यावर एक मोह होतो, आणि तो मला झालेला आहे. १९९० च्या दशकात मी व्याख्यानांतून सांगत असे, की ज्या वत्सगुल्माने माहाराष्ट्री प्राकृतास राजाश्रय दिला तेथलीच वऱ्हाडी असल्याने तीच मराठीची खरी, जुनी, शुद्ध वारसदार होय. टाळ्या पडत. आज ते विधान मी मागे घेतो. सर्वसेनाची प्राकृत ही वाशीमच्या गुराख्याची बोली नव्हती. दंडीने ज्या माहाराष्ट्रीस प्रकृष्ट प्राकृत म्हटले, ती एव्हाना एक घोटीव वाङ्मयीन भाषा झाली होती. नाटकांतील स्त्रिया गद्य शौरसेनीत बोलत आणि गाणी माहाराष्ट्रीत गात, मग नाटककार कोणत्याही देशचा असो. म्हणजे तीही एक प्रमाण भाषाच. बोलीला मान मिळावा म्हणून तिच्यासाठी जुन्या प्रमाण भाषेची वंशावळ शोधणे, हा पराभवच आहे. आपण पुन्हा ताम्रपटाचा संस्कृत भागच लिहू लागतो.

या बाबतीत कुंतकाने घेतलेली भूमिका मला अधिक निकोप वाटते. वैदर्भी, गौडी, पांचाली अशी प्रदेशांवरून रीतींना दिलेली नावे त्याने नाकारली. मामाच्या मुलीशी विवाह हा एखाद्या देशाचा आचार असू शकतो; काव्यरचना हा तसा देशधर्म नव्हे, कारण तिला शक्ती, व्युत्पत्ती आणि अभ्यास लागतात, असा त्याचा युक्तिवाद. आणि मग स्वतःचा सुकुमार मार्ग सांगताना उदाहरण म्हणून तो कोणाची नावे घेतो? कालिदासाचे आणि सर्वसेनाचे. वत्सगुल्माचा कवी येथे वत्सगुल्माचा म्हणून येत नाही, कवी म्हणून येतो. बोलीतील लेखनाला हीच वागणूक मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

६

आपली समीक्षा ती देते का? उद्धव शेळके यांची 'धग' १९६० मध्ये आली तेव्हा वऱ्हाडी संवादांची केवढी तरी प्रशंसा झाली. त्यानंतरही वऱ्हाडातील प्रत्येक कादंबरीच्या परीक्षणात 'मातीचा गंध', 'बोलीचा गोडवा', 'रांगडेपणा' हे शब्द ठरलेले असतात. हे शब्द स्तुतीचे आहेत. पण ते बोलीला चव मानतात, विचार मानीत नाहीत. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी ही तिच्या दुःखाला लावलेली फोडणी नाही. ती तिची विचार करण्याची रीत आहे. नवरा, मुले, भूक आणि अब्रू यांचा हिशेब ती त्याच भाषेत मांडते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' (२००२) मध्ये तर हा प्रश्न कथानकाच्या गाभ्याशी येतो: शिकलेला मुलगा आणि न शिकलेले आईवडील यांच्यातील अंतर हे पुष्कळ अंशी दोन भाषांमधील अंतर आहे.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हा संकेत आपण इतका स्वाभाविक मानतो की त्याचा अर्थ विचारीत नाही. अर्थ असा, की पात्रे बोलतील आणि लेखक त्यांच्याविषयी बोलेल. बोलीला अनुभव असेल आणि प्रमाण भाषेला मत. बाख्तिनचा आधार घेऊन कादंबरीतील अनेकभाषितेचा आपण गौरव करतो, परंतु तो लिहितो मात्र एकाच भाषेत. प्रस्तुत लेखही त्याला अपवाद नाही. आईच्या बोलीचा कैवार घेणारा हा मजकूर आईला समजला नसता. ही विसंगती मला सोडविता आलेली नाही.

ती सोडविता येत नाही याचे एक कारण वर्गात दिसले. निवृत्तीपूर्वी काही वर्षे मी वेंकरच्या धर्तीवर विद्यार्थ्यांना दहा वाक्ये देत असे आणि ती घरी कशी बोलतात ते लिहून आणायला सांगत असे. पहिल्या वर्षी आलेल्या कागदांत बहुतेक सर्व वाक्ये पाठ्यपुस्तकी मराठीत होती. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर तालुक्यांतील खेड्यांची ही मुले, त्यांतल्या एकाला मी विचारले, "खरेच का घरी असे बोलतात?" तो खाली मान घालून म्हणाला, "आमच्या घरी शुद्ध बोलतात, सर." त्याचा 'सर' म्हणण्याचा हेलसुद्धा वऱ्हाडी होता. मला माझ्या बैठकीतील ती संध्याकाळ आठवली. मी त्याचा कागद परत केला नाही.

एका मुलीचा कागद कोरा होता. ती पोहरादेवीच्या बाजूच्या एका तांड्यावरची होती. "आमच्या घरी मराठी नाही, गोरबोली बोलतात. तिच्यात लिहू का?" असे तिने विचारले. आईला 'याडी', भाकरीला 'बाटी' अशी तिची दहा वाक्ये तिने दुसऱ्या दिवशी देवनागरीत लिहून आणली आणि वर्गात वाचूनही दाखविली. मग एकेका मुलाने आपला कागद मागून घेतला आणि खोडून पुन्हा लिहिला. वऱ्हाडीला वर्गात बोलण्याची परवानगी मी देऊ शकलो नव्हतो. ती गोरबोलीने मिळवून दिली. ज्या वऱ्हाडीची आम्ही गाऱ्हाणी सांगत होतो, ती तांड्यावरच्या मुलीच्या दृष्टीने वरच्याच मजल्यावर होती, हेही मला त्या दिवशी कळले.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी मांडलेल्या पुराव्यात प्राकृतापर्यंतची परंपरा होती. याचा आनंद मलाही झाला. परंतु दर्जा ही ताम्रपटाच्या आरंभीची वंशावळ आहे. दानाचा भाग अजून लिहावयाचा आहे: या भाषेतील कोणकोणत्या बोलण्यांना शाळेच्या पाटीवर, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, न्यायालयाच्या जबानीत जागा मिळणार, हे त्यात सांगावे लागेल.

७

आई २०१६ मध्ये गेली. शेवटचे काही आठवडे ती गावीच होती. तेथे तिला 'ळ' ची गरज नव्हती, आणि तिचे बोलणे परत आले होते. मी रजा घेऊन गेलो तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "तू काहून आला? कामधंदा नाही का तुले?"

मी ठरवून वऱ्हाडीत उत्तर दिले. तिच्याशी तिच्या बोलीत बोलल्याला मला तीस वर्षे होऊन गेली होती. औषध, डॉक्टर, पऱ्हाटी, पाऊस यांविषयी मी बरेच काही बोललो. शब्द बरोबर होते. 'मले', 'तुले', 'काया', 'आभाय' सगळे जागच्या जागी होते. आई ऐकत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसू लागली.

"नाटकातल्यावानी बोलून राहिला रे तू," ती म्हणाली.

मीही हसलो. मग तिने मला 'आभाय' हा शब्द कसा म्हणायचा ते दोनदा म्हणून दाखविले.